गाळलेले नमुने

अक्का, तुझं नाव मी इथे लिहिणार नाही. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी तू ती ओळ मोठ्याने वाचली होतीस: सहभागी व्यक्तीची ओळख कोणत्याही प्रकाशनात उघड केली जाणार नाही. "कोणत्याही म्हणजे कोणत्याही काय?" असं तू विचारलंस आणि मी हो म्हणाले. ती अट माणसाबरोबर संपते का, हे मी मागच्या आठवड्यात नीतिसमितीच्या सचिवांना विचारलं. संपत नाही. त्यामुळे आमच्या शोधनिबंधाच्या आभारात तू नसशील, आणि इथेही फक्त 'अक्का' असशील. बंगळूरच्या या बसवनगुडीत एकेका गल्लीत इतक्या अक्का आहेत की ओळख पटण्याची भीती नाही. हा लेख छापायला देण्याआधी तुझ्या आईंना वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "एवढं भांडत होता काय गं तुम्ही? मला वाटलं, गप्पा मारायल्यात पोरी." त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. ती केली आहे.

तू गेलीस त्याला अजून महिना झालेला नाही. मला नीट रडता आलेलं नाही, कारण मध्येच एखादा मुद्दा सुचतो आणि हात फोनकडे जातो. मेंदूला बातमी पोचली आहे, सवयीला पोचलेली नाही. प्रयोगशाळेत कोणी मोठ्याने बोललं तरी मी चिडते. माझे मार्गदर्शक, सर, म्हणाले, चार दिवस रजा घे. रजेत काय करू? घरी बसूनही वाद तुझ्याशीच चालणार.

आपली पहिली भेट आठवते. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांची तपासणी चालते त्या दालनाबाहेर, पंख्याखाली, मास्क लावून तू बसली होतीस. मी पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, "ताई, आम्ही एक अभ्यास करतो आहोत…"

"मराठी? कुठली तू?"

"पुण्याची."

"तरीच ताई. आम्ही बेळगावकडचे, अक्का म्हणतो. आणि या गावात तर भाजीवालासुद्धा अक्काच म्हणतो. सरी, म्हणजे बरं, सांग. डॉक्टर मला गुंगी देऊन नळी घालणार, आणि त्यातलं उरलंसुरलं तुला पाहिजे?"

माझ्या तयारीपेक्षा तुझं वर्णन अचूक होतं. बारीक नळी श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरवतात, थोडं मिठाचं पाणी सोडतात आणि ते परत ओढून घेतात. त्यातला मोठा भाग रुग्णालय तपासतं. उरलेला आमच्याकडे येतो, आणि त्यात कोणकोणते जीवाणू वस्तीला आहेत हे आम्ही त्यांच्या डीएनएवरून ओळखतो. नव्या फुप्फुसात कोण राहायला येतं, कोण टिकतं, कोण येण्यापूर्वी किंवा गेल्यानंतर शरीर त्या फुप्फुसाला नाकारू लागतं, हा आमचा प्रश्न. मी हे सांगितल्यावर तू म्हणालीस, "म्हणजे घर बदललं तरी जुने भाडेकरू मागोमाग आलेत काय, ते बघणार." तुझी जुनी फुप्फुसं लहानपणापासून रुंदावलेल्या, चिकट कफाने भरलेल्या नळ्यांची होती. दोन्ही काढली, पण नाकामागच्या पोकळ्या तुझ्याच राहिल्या, आणि जुने जीवाणू तिथूनही खाली उतरू शकतात. हे तुला ठाऊक होतं. शाळेत तुझ्या शेजारी कोणी बसत नसे, हे तू त्याच सपाट स्वरात सांगितलंस. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला झोप येत नव्हती, कारण खोकला नव्हता.

महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत तू सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेत असस. इतरांनी लिहिलेल्या प्रणाली कुठे मोडतात ते शोधणं हा तुझा व्यवसाय. माझ्या अभ्यासाकडेही तू त्याच नजरेने पाहणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एक अट तू स्वतःहून घातलीस. नमुन्यांवर आमच्याकडे नाव येत नाही, फक्त खूण येते. कोणती खूण कोणाची, याची फाइल सरांकडे असते आणि विश्लेषण पुरं होईपर्यंत मी ती पाहायची नसते. प्रत्येक खुणेसोबत त्या दिवशीच्या श्वासाचा आकडा मात्र येतो. हे समजल्याबरोबर तू म्हणालीस, "मग माझा आकडा मी तुला कधीच सांगणार नाही. सांगितला तर तू मला शोधून काढशील."

तू रोज सकाळी श्वास मोजणाऱ्या छोट्या यंत्रात फुंकत असस. तुझी आई, तुझा भाऊ, धारवाडची मावशी, सगळे फोनवर पहिला प्रश्न तोच विचारत. 'आज किती?' आपल्या मैत्रीत हा प्रश्न नव्हता. मी तुझ्याकडे जेवले, तुझ्यासोबत रिक्षातून फिरले, तुझ्या पुस्तकांवर झोपले. तुझा श्वास किती आहे हे मला माहीत नव्हतं. अभ्यासाची शिस्त मी पाळत होते असं मी समजत होते. पाळत होतीस तू.

वादाला तोंड फुटलं ते शेंगांच्या जत्रेच्या दिवसांत. इथे जत्रेला परिशे म्हणतात. परिशेची गर्दी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. तुझी प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली, तुला खाली उतरायची मनाई होती, म्हणून आपण गच्चीतून पाहत होतो. कच्च्या शेंगांवरची बुरशी तुला चालणार नव्हती, तेव्हा तुझ्या आईंनी, काकूंनी, कुकरमध्ये शेंगा उकडल्या. (काकूंची दुरुस्ती ती हीच: मी हळद घातली असं लिहिलं होतं. घातलं होतं मीठच.) जेवताना माझ्या पानात दही होतं, तुझ्या पानात नव्हतं.

"तुझ्या वाटीत किती कोटी पाव्हणे बसलेत गं?"

"मोजलेले नाहीत."

"शास्त्रज्ञ म्हणे."

जेवणानंतर मी लॅपटॉप उघडला. माझ्या निबंधाचं मुख्य चित्र तयार झालं होतं आणि मला ते कोणालातरी दाखवायचं होतं. प्रत्येक रुग्णाची एक ओळ, प्रत्येक तपासणीचा एक चौकोन, चौकोनात जीवाणूंच्या जातींनुसार रंग. श्वास घटू लागण्यापूर्वी रंग बदलतात, हे त्यात स्पष्ट दिसत होतं. तू रंग पाहिलेच नाहीस. तुझं बोट पांढऱ्या जागांवर गेलं.

"हे काय मोकळं?"

"ते नमुने गाळले."

"का?"

"पुरेसे जीवाणू नव्हते. एका पातळीखालचे नमुने वाचता येत नाहीत."

"म्हणजे ज्याच्या फुप्फुसात फारसं कोणी नाही, तो तुझ्या पेपरात नाही?"

"माणूस आहे पेपरात, अक्का. तो एक नमुना तेवढा नाही."

"स्वल्प थांब. तो नमुना कसल्या दिवशीचा? माणूस बरा असतानाचा असेल की नाही? बऱ्या दिवशी तुला काही मिळत नाही, म्हणून तो दिवस फेकतीस. आजारी दिवस मात्र रंगवून ठेवतीस. मग तुझ्या पेपरात आम्ही सगळे कायम आजारीच."

मी तेव्हा दिलेलं उत्तर आजही मागे घेत नाही. हा नियम आळसातून आलेला नाही. नमुन्यात डीएनए अगदी कमी असला की यंत्र रसायनांतले, नळ्यांतले, हवेतले जीवाणू वाचू लागतं. मी दर वेळी एका नळीत नुसतं शुद्ध पाणी घालून तीही यंत्रात देते, आणि त्या पाण्यातूनही जीवाणूंची नावं येतात. पाण्याला जी नावं येतात तीच तुझ्या फुप्फुसाला आली, तर ती तुझी म्हणून मी कशी छापू?

"मग नावं छापू नकोस," तू म्हणालीस. "'फार कोणी नाही' एवढंच छाप."

"'फार कोणी नाही' हा निष्कर्ष होत नाही."

"आमच्यात पहिली चाचणी रिकाम्या रकान्याची असते. माणसानं काहीच भरलं नाही तर तुझी प्रणाली काय करते? निमूट पुढे जात असेल तर ती नापास." मग तू स्वयंपाकघराकडे वळून ओरडलीस, "आई, हिची प्रणाली नापास झाली!"

"असू दे की, ताक दे तिला," आतून उत्तर आलं.

मी हसले, पण घरी परतताना राग आला होता. चित्र सुरेख होतं. सरांना आवडलं होतं. त्यावर माझ्या परदेशातल्या फेलोशिपचा अर्ज उभा होता. आणि मास्क लावलेली, पायजम्यातली एक बाई शेंगा सोलत त्याला नापास ठरवते, हे मला सहन झालं नाही.

नंतर तो वाद आपण कुठे कुठे नेला! रिक्षात, तुझ्या तपासणीच्या रांगेत, इथल्या शिवाजीनगरला चष्म्याच्या दुकानात, जिथे तू फ्रेम निवडण्याऐवजी काचेच्या कपाटावर बोटाने आलेख काढलास आणि दुकानदाराने तो फडक्याने पुसला. मी उदाहरणं देई, तू ती उलटवून परत देत असस. एकदा मी वैतागून म्हटलं, "तुला माझा निबंध थांबवायचा आहे."

"तुला परदेशी जायची घाई आहे."

"आहे. त्यात लाजण्यासारखं काय?"

"कुठं लाज म्हणालो मी? असू दे की घाई. मलाही जगायची घाई आहे. म्हणून तर भांडायलोय. निवांत असतो तर तुझं खरं म्हणून गप्प बसलो असतो."

तू स्वतःबद्दल असं पुरुषासारखं 'बसलो', 'म्हणालो' बोलायचीस. पहिल्यांदा ते ऐकून मी चमकले होते. आता इथल्या कोणत्याही बेळगावकर बाईच्या तोंडी ते शब्द आले की मला वळून पाहावं लागतं.

तुझी तब्येत उतरते आहे हे मला आकड्यातून कळलं नाही. तुमच्या जिन्यात कळलं. तू मधल्या वळणावर थांबलीस आणि भिंतीवरच्या रंगाबद्दल काहीतरी बोलू लागलीस. रंगाबद्दल बोलण्यासारखं त्या भिंतीवर काही नव्हतं. मी पुढच्या पायरीवर उभी राहिले. 'किती?' हा शब्द माझ्या जिभेवर होता. तुझ्या घरातल्या प्रत्येकाला तो आकडा माहीत होता, त्या दिवशी कदाचित दूधवाल्यालाही माहीत असेल. मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. आपण भिंतीबद्दल बोललो.

मला राहून राहून हाच एक क्षण छळतो. तू आकडा लपवलास तो माझ्या अभ्यासासाठी, की निदान एका माणसापुढे तुला आकड्याशिवाय राहायचं होतं म्हणून? मी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करून पाहिला आहे. निवाडा होत नाही. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, आणि मग ती सूट संपली असती.

तुला झालेल्या जुनाट नकारात, म्हणजे शरीर नवं फुप्फुस नाकारत राहतं तेव्हा, फुप्फुसातल्या सर्वांत बारीक वाटा व्रण धरून हळूहळू बंद होतात. औषधं तो वेग कमी करतात, काही वेळा तेवढंही नाही. हे मी व्याख्यानात सांगते. तुझ्या खाटेशेजारी बसून मला यातलं एक वाक्य आठवलं नाही. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. तू बोटाने मला जवळ बोलावलंस आणि मुखवटा थोडा उचलून विचारलंस, "रिकाम्याचं काय केलंस?"

मी म्हणाले, "विचार करते आहे."

परिचारिकेने मुखवटा नीट बसवला आणि तुला बोलू नका म्हणून दटावलं. तू माझ्याकडे पाहून भुवया उडवल्यास. मी 'विचार करते' म्हणते तेव्हा समोरच्याची बाजू मला निम्मी मान्य झालेली असते. तुला हे माहीत होतं असं मी धरून चालले आहे. पुरावा नाही.

तू गेल्यानंतर कामावर गेले तेव्हा सगळ्यात आधी उणे ऐंशी अंशांचं शीतकपाट उघडलं. आत सगळ्या नळ्या सारख्याच दिसतात. त्यांतल्या काही तुझ्या आहेत. कोणत्या, ते मला ठाऊक नाही. कपाट उघडं राहिलं म्हणून घंटा वाजू लागली, तेव्हा ते बंद केलं.

निबंध पाठवायची तारीख जवळ आली होती. गाळलेले नमुने परत घ्यावेत, असं मला वाटू लागलं होतं, आणि नेमका त्यामुळेच मला स्वतःचा संशय येत होता. कोणी गेलं म्हणून पद्धत बदलायची, तर ती पद्धत राहत नाही, श्राद्ध होतं. मी दोन दिवस स्वतःला एकच प्रश्न विचारत फिरले: अक्का ठणठणीत असती, काल तिने मला पुन्हा डिवचलं असतं, तर मी हे केलं असतं का? उत्तर येईपर्यंत सरांकडे जायचं नाही असं ठरवलं होतं. उत्तर आलं. केलं असतं, फक्त आणखी चिडून आणि आणखी उशिरा.

सरांनी चित्र बाजूला ठेवून विचारलं, "आता का?"

"कारण प्रश्न बरोबर आहे. आपण ज्यांना न वाचता आलेले म्हणतो ते एकाच प्रकारचे नमुने आहेत. ते गाळले की उरलेला गट आजाराकडे झुकतो."

"प्रश्न कोणाचा?"

"एका सहभागी व्यक्तीचा."

त्यांनी चित्र पुन्हा पुढे ओढलं. त्यांनाही तू कोण हे ठाऊक होतं, आणि तुझ्या नळ्या कोणत्या हेही ठाऊक होतं. दोन्हींपैकी काहीच त्यांनी बोलून दाखवलं नाही. "निकाल फिका पडेल," ते म्हणाले. "तुझी फेलोशिपची मुलाखत तोंडावर आहे. फिक्या निकालावर ती द्यावी लागेल."

"देईन."

"मग खुणांची फाइल मागू नकोस."

"मागत नाही."

काम असं केलं. प्रत्येक नमुन्यात एकूण जीवाणू किती, हे वेगळ्या यंत्रावर मोजलं. नुसत्या पाण्याच्या नळ्याही त्याच रांगेत मोजल्या. पाण्याच्या जवळपास जे नमुने निघाले त्यांच्या जीवाणूंची नावं छापलेली नाहीत, कारण त्या बाबतीत मी अजूनही बरोबर आहे. पण ते गाळलेलेही नाहीत. चित्राच्या तळाशी एक करडी पट्टी आली आहे आणि पूर्वीच्या सगळ्या पांढऱ्या जागा त्या पट्टीत ठिपके होऊन बसल्या आहेत. रंग बदलतात आणि मग श्वास घटतो, हा माझा दावा टिकला, पण खूप बारीक झाला. सारांशातलं 'स्पष्ट' हे विशेषण मी स्वतः काढलं. काढताना बरं वाटलं नाही, अक्का. तुला वाटेल मी उदार झाले. मी दिवसभर कोणाशी बोलले नाही.

त्यानंतर त्या करड्या ठिपक्यांशेजारी त्या त्या दिवसाचे श्वासाचे आकडे ठेवले. बरेचसे ठिपके खरोखरच बऱ्या श्वासाचे निघाले. म्हणजे तुझी निम्मी बाजू सिद्ध झाली. ते तुला सांगायला मी कुठल्याही वेळी फोन केला असता, आणि तू काकूंना हाक मारून गावभर केलं असतंस.

पण सगळे तसे नाहीत. काही ठिपके वाईट श्वासाचे आहेत. त्या दिवसांच्या औषधांची नोंद पाहिली, तर जबर प्रतिजैविकं चालू होती. जीवाणू नव्हते, कारण ते मारले होते. फुप्फुस मात्र खालावत होतं. रिकामं ते बरं, हे तू धरून चालली होतीस. ते खरं नाही. कमी जीवाणू असलेले दोन दिवस एकसारखे दिसतात आणि त्यांतला एक चांगला असतो, एक वाईट. त्यांना एकाच पट्टीत ठेवलं तर मीही चुकते आणि तूही. मग ती पट्टी कशाने विभागायची? औषधांनी? श्वासाने विभागली तर आपण उत्तर प्रश्नातच घातलं असं होईल. सरांना सुचत नाही. मला तीन दिवस सुचलेलं नाही.

इतक्या महिन्यांच्या वादात हा माझा पहिला मुद्दा आहे जो तुला चटकन खोडता आला नसता. तू चष्मा काढून डोळे चोळले असतेस, "सरी," म्हणाली असतीस, आणि मग बराच वेळ काही बोलली नसतीस. ती शांतता मला हवी होती. मी ती कमावली आहे. माझी बाजू मांडून झाली, मी खुर्ची मागे सरकवून बसले आहे.

आता तुझी पाळी. बोल की.